उतारवयातला चढ

डॉक्टरीणबाई विचारतात, रोज किती चालता?
पडद्यावरच्या चौकोनात भरायला
त्यांना एक आकडा हवा असतो.
मी म्हणते, मिसेस हॅगर्टींच्या भिंतीपर्यंत.
त्या बघत राहतात.

आता त्यांना कसं सांगू,
हडर्सफील्डच्या आमच्या गल्लीत
अंतर मैलांत मोजत नाहीत.
टेकायच्या जागांत मोजतात.
आधी आमचं फाटक.
मग ती बुटकी भिंत, शेवाळलेली,
पण कंबरेला नेमकी लागते.
मग पत्रपेटी. तिच्या लाल डोक्यावर हात ठेवून
थोडं थांबायचं, पत्र टाकल्यासारखं करायचं.
त्यानंतर मोकळी चाळीस पावलं,
धरायला काही नाही, पानं ओली,
तेवढी जीव मुठीत धरून.
आणि मग बाक.

उतारवय म्हणतात आपल्यात.
ज्यानं हा शब्द काढला
तो सपाटीवर राहत असणार.

बाकावर पितळी पट्टी होती:
‘एडिथ हिच्यासाठी, जिला इथून दिसणारं आवडायचं.’
मला एडिथ माहीत नाही.
तिच्या मांडीवर बसल्यासारखी मी बसायचे
अकरा वर्षं, रोज सात-आठ मिनिटं.
खाली गिरणीचं धुराडं, समोरच्या टेकडीवर बुरूज,
आणि धुकं नसेल तर वाचनालयाचं हिरवं दार.
ते दार दिसलं की पाय आपोआप उठायचे.

नोव्हेंबरात पिवळ्या जाकिटातली दोन मुलं आली.
रात्री कुणी पोरं इथे बिअर पितात म्हणे.
वीस मिनिटांत बाक गाडीत.
सिमेंटात चार बोल्ट तेवढे उरले.

दुसऱ्या दिवशी पत्रपेटीपर्यंत गेले, परत आले.
मग भिंतीपर्यंत.
मग वाटलं, फाटकही काही वाईट नाही.
वाचनालय कुठं हललं नव्हतं,
पण माझ्यापुरतं ते परगावी गेलं.
औषधं दारात येऊ लागली, भाजी दारात,
आणि गुडघा, ज्याला काही कामच उरलं नाही,
तो रात्री जागा राहू लागला.

निनादनं रेडिंगहून मनगटात घालायचं यंत्र पाठवलं.
दर तासाला ते थरथरतं: उठा, थोडं चाला.
अरे बाबा, कुठवर?
एकतीस वर्षं रात्रपाळी केली मी इथल्या इस्पितळात,
वॉर्डच्या या टोकाकडून त्या टोकाला,
तेव्हा पावलं मोजायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी पडदा सारला
तर डेलरॉय ऑगस्टीन रस्त्यात.
जन्मभर बस चालवली त्यानं, आता एक खुबा धातूचा.
स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत नेत होता,
दर दहा पावलांनी तिच्यावरच बसत.
चार बोल्टांच्या मधोमध ठेवली,
सायकलच्या साखळीनं दिव्याच्या खांबाला बांधली.
खिडकीतून मला ओरडून म्हणाला,
थांबा कुठं हवा, ते ड्रायव्हरला विचारावं!

मी पायमोजे शोधायलाच अर्धा तास घालवला.

आता खुर्चीवर कुणीतरी उशी ठेवलीय, पिशवीत गुंडाळून.
मिसेस हॅगर्टी येतात, कुत्रा नसताना कुत्र्याचा पट्टा घेऊन,
सवय म्हणून.
रांग लागते कधी कधी. भांडणही झालं एकदा.

काल खांबावर नोटीस लागली:
अनधिकृत वस्तू, सात दिवसांत हटवावी.
चष्मा घरी राहिलेला. डेलरॉयनं वाचून दाखवली,
मी ती खुर्चीत बसून ऐकली.
हटवू की, तो म्हणाला.
सातव्या दिवशी घरात नेऊ.
आठव्या दिवशी ऊन असलं तर बघू.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय.
या वेळी आकडा सांगेन म्हणते:
चाळीस.
ती पत्रपेटीच्या पुढची, मोकळी.