सुपारी कॉइन

म्हापशात, कोर्टासमोरच्या माझ्या खोलीत
आजवर आले ते मुंडकार, कुळं,
कोमुनिदादीच्या बांधावरून भांडणारे,
प्लास्टिकच्या पिशवीत पोर्तुगीज दस्त घेऊन.

आज रुद्रेश. अस्नोड्याचा.
हातात नुसता फोन.

सिनेमा शुक्रवारी थेटरात, शनिवारी ह्याच्याकडे, फुकट.
पण 'सुपारी कॉइन' असेल तर एक दिवस आधी,
आणि आवाज स्वच्छ.
कॉइन घेतलं चारशे दहा जणांनी:
जहाजावरचा मावसभाऊ, पीटीचे सर,
आंतोन पोदेराचा धाकटा.

"मॅडम, मी चोरलं काय?
सिनेमा आहे तिथंच आहे."

मी कलमं सांगत गेले. कॉपीराइट. मनी लाँडरिंग.
नफ्यावर तीस टक्के, तोटा ज्याचा त्याला.
"पण माझं नाव कुठंच नाही. नुसते आकडे."

कपाटातून एक जुनी वही काढली.
बघ, हिच्यातून माणसं सुटली.
कुणाला वाळवीनं सोडवलं, कुणाला पुरानं,
एकाला कारकुनानं, फेणीच्या एका बाटलीवर.
तुझ्या वहीला वाळवी लागत नाही, बाबा.
एक आकडा तुझा ठरला
की बाकीचे आपणहून रांगेत येतात.

तो पहिल्यांदाच गप्प.
मग म्हणाला, "फी सुपारीत चालेल?
सध्या भाव पडलाय, पण—"
रोख आण, म्हटलं.

तो जिना उतरला.
गेल्या शनिवारी घरी बघितलेला सिनेमा,
पोट धरून हसलो होतो,
कुठून आणलास, हे विचारायला
फोन हातात घेतला.
मुलाचा नंबर समोर होता.
लावला नाही.