दवातल्या रेषा

पाच वाजता शेडचं दार सरकवते ओरिसिया,
पंखांवरचं दव पुसते
मिरोनला आता न लागणाऱ्या पायजम्याने.
टाकीखालून बरणीत घोटभर पेट्रोल काढून
उजेडासमोर धरते. पाणी नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस हाकली,
तपासल्याशिवाय चाक हलवलं नाही कधी.

वाऱ्याची पिशवी निपचित.
ओल्या गवतावरून धडधडत जाता जाता
धडधड थांबते,
एवढंच.
तेवढ्यात उडालेली असते.

खाली सास्कॅचेवान, परातीसारखं सपाट,
कॅनोलाचं पिवळं, तळ्यावर वाफ,
गुडघाभर पाण्यात एक मूस, मान वर न करता.
कुठे जायचं नसतंच तिला.
धान्याच्या मनोऱ्याला वळसा,
चर्चच्या कांद्यासारख्या घुमटाला वळसा,
आणि स्वयंपाकघरातला दिवा
राहिलाच वाटतं चालू.

परतताना दिसतात
दवात उमटलेल्या आपल्याच चाकांच्या रेषा,
दोन लांब,
शेपटाच्या चाकाची आखूड, आधीच संपलेली.
मग त्या दोनही
मैदानाच्या मधोमध तुटलेल्या.
पुढे नुसतं पांढरं गवत.

कुणी पाहिलं असतं
तर शोधत बसला असता.

ती जरा डावीकडून उतरते,
त्यांच्यावर चाक न घालता.
तशा नवापर्यंत वाळतीलच.