किल्लीचं झबलं

नमुना काढला वीजबिलाच्या पाठीवर.
पोह्याची वाटी पालथी ठेवून अर्धगोल,
खाली दोन रेघा, जरा फाकलेल्या.
घंटेसारखं काहीतरी झालं.
हे म्हणाले, किल्लीला झबलं शिवतेस?
म्हटलं, हो. थंडी वाजते तिला.

कापड शोधत बसले नाही.
माळ्यावरच्या बोचक्यात शाल्मलीचा चणिया होता,
बारावीच्या नवरात्रातला, गर्द निळा,
सात मीटर घेर, आणि काठाला अजून
धुऊनही न गेलेली गरब्याच्या मैदानाची धूळ.
त्यातून पंजाएवढं कापलं.
कात्री चालवताना वाटलं, विचारायला हवं होतं.
मग वाटलं, विचारलं असतं तर
ती "कशाला गं" म्हणाली असती
आणि मी कात्री ठेवून दिली असती.

अस्तराला ह्यांच्या जुन्या लेंग्याची पट्टी.
आतली बाजू मऊ हवी, कोणी बघत नसलं तरी.

सुलटीवर सुलटी ठेवायची, टाचण्या लावायच्या,
उलटीकडून शिवत यायचं
आणि दोन बोटं जागा सोडायची.
तेवढ्यातूनच सगळं बाहेर काढायचं असतं.
ती जागा मी पहिल्यांदा विसरले.
चहूबाजूंनी बंद केलं, छान बारीक टीप,
आणि हातात घेऊन बघत बसले
उलटंच राहिलेलं.
उसवलं.

दुसऱ्यांदा एक आभलं मधे आलं. सुई कट्कन मोडली.
दक्षाबेनकडून सोळा नंबरची आणली.
त्यांनी विचारलं, "शुं सीवो छो?"
मी म्हटलं, "कंई नहि."

लग्न झालं तेव्हा तिची किल्ली
तिने फ्रिजवर ठेवली होती. कोणी मागितली नव्हती.
वर्षभर तिथेच होती, चुंबकाच्या आंब्याशेजारी.
मग कामाला येणाऱ्या जशोदाला दिली,
सोय म्हणून.
ठरवून काहीच केलं नाही आम्ही.
पण त्यानंतर दिवाळीला आली की
ती बेल वाजवायची. एकदाच, आखूड,
कुरिअरवाल्यापेक्षाही आखूड.

आता चार महिने झाले. दोन बॅगा, एक मिक्सर.
अलकापुरीतल्या ऑफिसातून सातला येते,
बेल वाजवते,
मी कणकेच्या हातांनी लॅच उघडते,
ती म्हणते, सॉरी, आई.
रोज.
सॉरी कशाचं, हे मी विचारलेलं नाही.

मंगळवारी न्यायमंदिराजवळ छत्रीखाली बसणाऱ्या
किल्लीवाल्याकडून एक घासून आणली. साठ रुपये.
म्हणाला, नवी आहे, थोडे दिवस अडकेल.

नाडी ओवली, खाली रिंग, वर गाठ.
वर ओढली की किल्ली झबल्यात शिरते,
आवाज न करता.
खाली खेचली की डोकं काढते.
दोनदा करून पाहिलं. मग आणखी चारदा.
एक टीप वाकडी गेलीय, ती मला दिसते.

सकाळी तिच्या डब्याच्या पिशवीत टाकली,
लोणच्याच्या पुडीशेजारी.
चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार.

सात वाजून दहा.
जिन्यात पावलं, मग काहीच नाही,
मग दाराच्या पोटात खरखर.
किल्ली अडकली.
हे उठायला लागले. म्हटलं, बसा.
पुन्हा खरखर.
आमचं दार जरा आपल्याकडे ओढून धरावं लागतं
आणि मग फिरवायची.
शाळेतून यायची तेव्हा
दप्तर दोन पायांत धरून ती असंच करायची.
माझे हात परातीत.
हे पुन्हा माझ्याकडे बघतात.
म्हटलं, बसा हो.
तिला येतं.