डावा पीळ

टेंभुर्णेकर बाईंची गाडी तिसऱ्यांदा आली.
"क्रूझ लागतं हो," म्हणाल्या, "टिकत नाही.
ऐंशीवर लावून पाय सोडावा,
तर शिरवळच्या आत कधीतरी अंग काढून घेतं."
उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून
त्यांनी दाराबाहेर ठेवला.
दर शनिवारी कऱ्हाड. तिथं कोण, मी विचारलं नाही.

धनकवडीत माझ्या शेडमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते,
डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तशी.
फ्यूज ठीक.
हॉर्न वाजतो, म्हणजे स्टिअरिंगमधली गुंडाळीही ठीक.
मागचे दिवे पायाबरोबर लागतात, पायाबरोबर विझतात.
स्कॅनरच्या वहीत मात्र एकच तक्रार:
गाडी चालू असताना ब्रेक दाबलेला.
कोणी दाबला?
ते त्याला येत नाही.

पेडलच्या मागे अंगठ्याएवढा स्विच असतो.
त्यातून दोन निरोप निघतात.
दिव्यांना: पाय आहे.
क्रूझला: पाय नाही.
दुसरा वाटेत हरवला तर क्रूझ धरून चालतं
की पाय आहेच.
नाही म्हणायलासुद्धा तार शाबूत लागते.

रात्री अकरानंतर निघालो. गाडी मी चालवत होतो,
मीटर मुनाफच्या मांडीवर,
डॅशखालून दोन वायरी त्याच्या गुडघ्यापर्यंत.
बारा पूर्णांक चार, तो वाचत होता,
बारा पूर्णांक चार,
कात्रजच्या नव्या बोगद्यात आवाज घुमला
तसा हळू आवाजात, बारा पूर्णांक चार.
पलीकडे पुलाचा सांधा आला, टायरखाली ढुप्प,
"शून्य!"
क्रूझ सुटलं.
"गेला वस्ताद," मुनाफ म्हणाला,
तोवर पुन्हा बारा.

खेड शिवापूरला चहाच्या टपरीशी लावली
आणि पेडलखाली उताणा शिरलो.
काळी टेप. उन्हानं तिचा डिंक काकवी झालेला,
बोटाला चिकटून लांबत आला.
आत उघडं तांबं, नुसतं पिळलेलं,
डाग दिलेला नाही.
आणि पीळ डावा.

आमच्या लाइनीत सगळे उजवा पीळ देतात.

चार वर्षांपूर्वीचा दसरा. शेडबाहेर नऊ गाड्या.
बाईंना मागच्या काचेला जादा ब्रेक-दिवा हवा होता.
दोन तारा, रंग जवळपास सारखे,
मी आधी भलतीच कापली,
परत जोडली,
टेप मारली. पुढची गाडी.

सुंभ जळतं, पीळ राहतो म्हणतात.
इथं तर सुंभही राहिलं होतं, धरत नव्हतं इतकंच.

मुनाफच्या टॉर्चचा उजेड सांध्यावरून
माझ्या हातावर आला,
जरासा थांबला,
मग उगीच मॅटवर गेला.

टपरीवाल्याच्या स्टोव्हवर जुना स्क्रूड्रायव्हर लाल केला.
तार छिलली, डाग दिला, फुंकर मारली.
शिरवळपर्यंत जाऊन आलो, पाय मॅटवर सपाट.
पूल आले, गेले.
मुनाफ आकडे वाचेनासा झाला, झोपला होता.

सकाळी बाई आल्या.
"काय निघालं?"
"सांधा होता एक."
"कुणी केलेला?"

मी पावतीपुस्तक ओढलं,
खिशातलं पेन काढलं
डाव्या हातानं.