खोक्यातली चिठ्ठी

खोकं हलकं लागेल. पैसे जड मोजले होते,
म्हणून आधी रागच येईल. येऊ दे.
भुसा आमच्या गावच्या बोटी बांधणाऱ्यांकडचा आहे,
स्प्रूसच्या लाकडाचा. हाताला वास राहतो, दोन दिवस जात नाही.
फेकू नका. आत बोटं घालून नीट चाचपा.
लॅब्राडोरच्या एका गृहस्थांनी गेल्या वर्षी
भुशासकट एक कंद शेगडीत घातला
आणि मला खरमरीत लिहिलं, तीनच आले.

तेव्हा मोजा. पाच आहेत.
तुम्ही चार मागवले होते. पाचव्याचं पुढे सांगते.

चित्रात ताटाएवढं फूल होतं, वांग्याच्या रंगाचं,
आणि हातात आलंय हे वाळकं रताळं.
ओलेना हृत्साक नावाच्या बाईंनी सस्कॅचवानहून विचारलं होतं,
डेलियाच्या जागी मेलेला उंदीर का पाठवलात?
मी कळवलं, शेपटी खाली ठेवून लावा.
सप्टेंबरात त्यांचा फोटो आला.
फोटोत त्या नाहीतच,
फुलांच्या वर नुसती एक टोपी.

आकारावर जाऊ नका.
अंगठ्याएवढा कंद कामाला लागतो,
मुठीएवढा कधी कधी नुसता बसून खातो.
सुरकुत्या असू देत. दाबून बघा:
लोण्यासारखा लागला तर गेला,
जुन्या गाजरासारखा लवला तर आहे.
मान तेवढी सांभाळा.
मान मोडली की मग कितीही लाड करा.

आणि डोळा.
मानेच्या वर, जुन्या देठाचा तुकडा राहिलाय तिथे,
टाचणीच्या माथ्याएवढा उंचवटा.
एप्रिलमध्ये बहुतेकांना तो सापडत नाही.
सापडला नाही म्हणून फुटला समजू नका,
बहुधा नुसता लागलेला असतो.
उबेला ठेवा, फ्रिजवर, मांजर बसतं त्या कोपऱ्यात.
पाणी घालू नका.
पाणी घालू नका. दोनदा लिहिते, कारण
काळजी वाटली की माणसाचा हात झारीकडे जातो.

जमिनीत कधी लावायचे, ते मला विचारू नका.
इथे लुनेनबर्गला आम्ही लायलॅकचा बहर ओसरायची वाट बघतो.
तुमच्याकडे शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा;
कॅलेंडरला हिमाचं काही कळत नाही.

कंदावर शाईनं नाव लिहिलंय, ते अक्षर माझं.
निवड वेंडेलची.
एक्केचाळीस हिवाळे तो तळघरातल्या टेबलाशी
गड्डे फोडत आलाय.
गेल्या दोन हिवाळ्यांत त्याच्या नजरेच्या मधोमध
राखाडी डाग बसलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही.
तू म्हणजे आता दोन कान आणि केस, असं मला म्हणतो.
तरी डोळे तोच शोधतो.
अंगठा मानेवरून फिरवत नेतो, थांबतो,
म्हणतो, "इथे."
मी चष्मा पुसून बघते. काहीच नसतं.
त्याच्या शब्दावर सुरी लावते.
आठवड्यानं तिथेच गुलाबी टोक.

नेहमीच नाही. हे लिहायला हवं.
शंभरात एखादा आंधळा जायचा, आता चार-पाच जातात.
पाचवा कंद त्यासाठी आहे.
त्याला हे सांगितलेलं नाही;
तो वर पोस्टाची तिकिटं चिकटवत असतो
तेव्हा मी तो भुशात खोचते.

जून संपेपर्यंत काही वर आलं नाही तर लिहा,
दुसरा पाठवीन, टपालखर्च माझा.
फक्त जरा बेतानं लिहा.
पत्रं मीच वाचून दाखवते त्याला,
आणि मला वाक्यं गाळता येत नाहीत,
मी अडखळले की त्याला कळतं.

फूल आलं तरी लिहा.
नुसतं "लाल आलं" म्हणू नका.
कसला लाल, ते लिहा.

इर्मा झ्विकर