शून्य आणि रेघ

आज पुन्हा नळीत मातीच आली.

तिसऱ्या खांबापाशी, जुनिपरच्या झुडपांमागे,
जिथं सासऱ्यांनी पहिल्या वर्षी
छातीइतका बर्फ मोजला होता
(उंची त्यांची बेतास बात, तरी छाती ती छातीच),
तिथं मी दातेरी नळी टेकवली, पिळली, उपसली
आणि सवयीनं ताजव्याला लावली.
काटा हलला.
क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं.
मग बोटानं कोरून पाहिलं तर
गेल्या सालच्या गवताची मुळं
आणि झोपमोड झालेला एक किडा.
माझ्याकडे असा बघत होता
जशी मीच त्याला हाक मारली.

चिल्दे चालू आहे. कडाक्याचे चाळीस दिवस,
ज्यांत म्हणे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठायची.
आज तेविसावा.
मी कोटाची बटणं सोडून डोंगर चढले
आणि, खोटं कशाला बोलू, गुडघे दुखले नाहीत.
उन्हात बसून नान खाल्ला.
समोर शिखरं उभी, नुकत्या कातरलेल्या मेंढ्यांसारखी,
कात्रीच्या ओरखड्यांसकट.

गावात कुणी कुरकुरत नाही.
जारकिनचा कोळसा निम्मा उरला,
म्हणाली, दोन पोती तू ने, पुढच्या सालाला होतील.
कोळसा ठेवता येतो पुढच्या सालाला.
नुरदीनचं एकही कोकरू दगावलं नाही.
पोरं भर जानेवारीत अंगणात
मेंढीच्या हाडांचे फासे खेळतायत, कानटोप्या भिंतीवर.
इतकी सोय झाली आहे सगळ्यांची
की काळजीचं नाव काढणं म्हणजे
बारशाच्या घरी मयताची गोष्ट काढणं.

फक्त पाटकरी एसेनगुल येतो संध्याकाळी.
टोपी हातात, उंबऱ्याबाहेर उभा.
"किती?" एवढंच विचारतो.
त्याच्या खिशात त्याची वही :
जूनमध्ये कुणाच्या शेताला किती तास पाणी,
खालच्या आळीला रात्रीचं, वरच्या आळीला पहाटेचं,
म्हाताऱ्या बुबुशच्या बटाट्यांना शुक्रवारी.
तास सगळे वाटून झालेत.
पाणी तेवढं अजून आभाळातून उतरायचं आहे.
मी चहा ओतते, जर्दाळूचा मुरंबा पुढं सारते.
मुरंब्याकडे बघत तो म्हणतो,
"आमच्या झाडाला कळ्या धरल्यात,"
ज्या आवाजात माणूस सांगतो
की धाकटी पोर न सांगता घरातून निघून गेली.

माझी वही सासऱ्यांच्या हातानं सुरू होते.
निळी शाई, तिरके आकडे,
समासात कधीतरी "लांडगा दिसला",
कधी "मुलगा झाला".
तो मुलगा म्हणजे माझा नवरा.
त्या दिवशी बर्फ एकशे चौदा.
नियम त्यांनी मला एकच शिकवला :
रेघ म्हणजे गेलो नाही.
शून्य म्हणजे गेलो, आणि नव्हतं.
रेघा आहेत वहीत. वादळाच्या, तापाच्या,
एक माझ्या बाळंतपणाची,
एक ते गेले त्या दिवसाची, माझ्या हातची.
जानेवारीच्या रकान्यात शून्य मात्र कुठंच नाही.
पेन टेकवलं आणि हात अडला.
एवढा गोल आकडा,
सुरुवात कुठून करायची कळेना.

आठ वाजता बिश्केकला फोन लावला.
पलीकडे कुणी नवी मुलगी, काहीतरी चघळणारी.
"तिसरा खांब?"
"शून्य."
"म्हणजे जाता आलं नाही ना? रेघ टाकते."
"नाही गं," म्हटलं, "गेले होते.
बुटांना चिखल आहे अजून.
रेघ नको. शून्य लिही."
जरा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली,
"थांबा हं, पेन उमटत नाहीये."