उजेडापुरती

माझं काम उभं राहणं.
खडूची फुली असेल तिथं,
हनुवटी थोडी वर, नजर दारावर,
टिबोर हालास शिडीवरून ‘हं’ म्हणेपर्यंत.
मग ती येते, घाम न आलेली,
माझ्याच मापाच्या झग्यात,
आणि मी तापवून ठेवलेली जागा तिला देते.
नाव तिचं. नाक दोघींचं जवळपास सारखं,
म्हणून तर पोट चालतंय.

कल्व्हर सिटी, सत्तेचाळीसचा मार्च.
बाहेर डोळे मिटावेत असं ऊन,
आत आम्ही रात्र करतोय.
एक पोरगा नळी घेऊन रस्ता भिजवतो.
कोरडा रस्ता, हालास म्हणतो, तोंड उघडत नाही.
तो बुडापेस्टचा. तिथल्या ओल्या रस्त्यांबद्दल
आम्ही कुणी विचारत नाही.

सकाळी मी बायको असते.
स्वयंपाकघर, चौकडीचा पडदा,
समोरून दिवा, बाजूनं दिवा, मागून केसांना दिवा,
नाकाखाली तीळभर सावली उरू देत नाहीत.
हिच्यापाशी लपवण्यासारखं काही नाही, असा उजेड.
विचारण्यासारखंही काही नाही.
बशी पुसायची, खिडकीतून बघायचं.
पटकथेत नऊ वाक्यं हिला,
त्यांतली चार ‘जपून जा’.

जेवणानंतर मी ती दुसरी.
केस तेच, सत्तावीस वर्षांचं अंग तेच,
सकाळी बशी पुसलेले हात तेच.
टॉलिव्हर दोन दिवे मारतो,
तिसरा जमिनीलगत आणतो,
खिडकीच्या पट्ट्या तिरक्या करतो
आणि माझ्या गालावर गज उतरतात
एकेक करून.
एवढंच.
दिवा दोन हात सरकला
आणि बाई वाईट झाली.

हिला वाक्यं भरपूर. सगळी खोटी निघणार.
खरं बोलायचं काम त्याचं:
हॅट, ओला कोट,
त्याच्याआधी खोलीत शिरणारी त्याची सावली.
गोष्ट तोच सांगणार,
पोटात गोळी घेऊनसुद्धा शेवटपर्यंत तोच.
त्याच्या जागी उभा राहतो पर्सी ओडेल,
मुका, सभ्य, पायाला भोवऱ्या,
मधल्या वेळात मला पेपरमिंट देतो.

लढाईत मी विमानांच्या पंखांना रिबिटं ठोकली.
तिथं उजेड सरसकट होता,
चांगली कोण, वाईट कोण, बघायला कुणाला सवड नव्हती.
मग एका शुक्रवारी पगाराच्या पाकिटात चिठ्ठी:
आभारी आहोत, आता घरी जा.
घरी कुठल्या दिव्याखाली उभं राहायचं
ते लिहायचं राहून गेलं.

आज जिना. शेवटची रीळ.
हिला मरायलाच हवं,
वरून तसं मंजूर होऊन आलंय.
पाच पायऱ्यांवर उलटी पडून
मी पाऊण तास मेले.
‘हात अजून जिवंत वाटतोय, व्हर्ना,’ हालास म्हणाला.
मी बोटं सैल सोडली.
टॉलिव्हरनं माझ्याभोवती खडू फिरवला.
उठले, स्कर्ट झटकला, पाठीला पायरीचा वळ.
त्या रेघेत ती अलगद येऊन पडली
आणि एका दमात मेली. फार सुंदर मेली.
कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

साडेनवाच्या बसनं घरी.
वॉर्ड स्वयंपाकघरात, दिवा न लावता.
ओकिनावाहून आल्यापासून झोप त्याला वर्ज्य आहे.
‘दिवसभर कुणासमोर उभी असतेस?’
‘दिव्यासमोर.’
त्याला ते खोटं वाटतं. वाटणारच,
मी दारात आहे, अर्धी अंधारात,
आणि अशी बाई काय बोलते ते
त्यानं शनिवारी दोन-दोन खेळ बसून ऐकलंय.

पण रस्त्याचा दिवा आमच्या खिडकीतून येतो,
आणि पट्ट्या पडल्यात त्याच्या तोंडावर.
कपाळावर एक, डोळ्यांवर एक,
ओठांवर, जिथं सिगारेट थरथरतेय, तिथं एक.
टॉलिव्हरला असं साधायला तास लागला असता.

पट्ट्यांची दोरी माझ्या हाताशी आहे.
ओढली तर सगळाच उजेड आत येईल,
सोडली तर काहीच नाही.
मी उभी आहे. हनुवटी, सवयीनं, थोडी वर.
खाली बघते:
फरशीवर फुली नाही.